सहानुभूतीचे दहा मार्क

सत्य कितीही दडपलं तरी एक ना एक दिवस ते जगासमोर येतंच, असं थोरामोठ्यांनी सांगून ठेवलं आहे. राज्यं बुडाली, सिंहासनं उलथली, पण सत्याला कुणी अडवू शकलं नाही. तिच्या बाबतीत ते शर्टाच्या तिसऱ्या आणि चौथ्या बटणाच्या मधून येत होतं, आणि तेही फक्त बसल्यावर. उभं राहिलं की सत्य परत आत जायचं.

पण नोकरीची मुलाखत उभ्यानं घेत नाहीत. म्हणून तिनं नवऱ्याचा स्वेटर चढवला.

स्वेटर राखाडी रंगाचा होता. सासूबाईंनी तो मुलासाठी विणला होता, पण विणताना त्यांच्या डोळ्यांपुढे जो मुलगा होता तो प्रत्यक्षातल्या मुलापेक्षा बराच भरलेला असावा. त्यात नवरा बुडून जायचा. ती मात्र बरोबर मावली, म्हणजे दोघंही मावली. बाहेर ऊन असं होतं की डांबराला चपला चिकटत होत्या. आरशासमोर उभं राहून तिनं नवऱ्याला विचारलं, "दिसतंय का?"

"काय?" नवरा म्हणाला.

"मग ठीक आहे," ती म्हणाली आणि निघाली.

नवऱ्याला खरंच काही दिसलं नव्हतं असं नाही. पण त्याचे दिवस वाईट होते आणि अशा दिवसांत माणूस बायकोकडे फार निरखून बघत नाही. तो एका छापखान्यात कामाला होता. त्या छापखान्याचं मुख्य काम टेलिफोनच्या डिरेक्टऱ्या छापणं हे होतं. डिरेक्टरी आता कुणी उशाला घ्यायलाही मागत नाही. छापखाना आठवड्यातून तीन दिवसांवर आला होता, आणि ते तीन दिवसही मालक जुन्या ओळखीखातर चालवत होता. ती स्वतः अकरा वर्षं एका दातांच्या डॉक्टरकडे फोन घ्यायला बसायची. तिचा आवाज असा होता की 'उद्या अकरा वाजता दाढ काढायची आहे' हे ऐकून लोक पावणेअकरालाच हजर व्हायचे. मग डॉक्टर म्हातारे झाले, दवाखाना बंद करून लेकीकडे राहायला गेले. घरात चौथं माणूस यायच्या आत एक नीट पगार यायला हवा होता, एवढी साधी गोष्ट होती. चौथं माणूस निघालं होतं. पगाराचा पत्ता नव्हता.

याआधी तिनं तीन ठिकाणी खरं सांगून पाहिलं होतं. तिन्ही कॉल सेंटरच होती. आवाज सोडला तर तिच्याकडे विकण्यासारखं दुसरं काही नव्हतं. पहिल्या ठिकाणी तिनं गेल्या गेल्या सांगून टाकलं. तिथल्या गृहस्थांनी तिला बसायला खुर्ची दिली, पाय ठेवायला दुसरी खुर्ची दिली, पाणी दिलं, लिफ्टपर्यंत सोडायला आले. नोकरी तेवढी दिली नाही. दुसऱ्या ठिकाणच्या बाईंनी हात हातात घेऊन अभिनंदन केलं आणि 'आम्ही फोन करू' म्हणाल्या. दिवसाला नऊ हजार फोन करणारी ती कंपनी, पण नऊ हजारांत हा एक नंबर काही बसला नाही. तिसऱ्या ठिकाणचा मुलाखत घेणारा वयानं लहान होता. तो सबंध वेळ तिच्या डोक्यावरच्या भिंतीकडे बघून प्रश्न विचारत होता. ती बाहेर पडली तेव्हा तिला आपण कुणाच्या तरी घरी चिखलाच्या पायांनी शिरलो असं वाटलं. अपराध काय ते कळेना, पण लाज पुरेशी वाटली.

चौथ्या ठिकाणी म्हणूनच स्वेटर. बसमध्ये शेजारच्या बाईनं ताप आहे का म्हणून विचारलं. ती हो म्हणाली. त्या दिवसातलं पहिलं खोटं अशा रीतीनं सकाळी सव्वानऊला बोलून झालं.

हे चौथं कॉल सेंटर एका फर्निचरच्या कंपनीचं होतं. खोक्यात बंद करून आलेलं कपाट, टेबल, खाट गिऱ्हाइकानं घरी आपल्या हातानं जोडायची, आणि जोडताना स्क्रू कमी पडले की फोन करून ओरडायचं, असा एकूण व्यवहार. स्क्रू नेहमी कमी पडत. त्यामुळे कॉल सेंटर भरभराटीला आलं होतं. आत शिरल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. यंत्रांसाठी म्हणून तिथं एवढा गारठा राखलेला होता की सगळेच स्वेटर, शाली, कानटोप्या घालून बसले होते. रस्त्यावर वेडी ठरणारी बाई इथं चारचौघींसारखी दिसत होती.

आधी फॉर्म भरायचा होता. नाव, पत्ता, शिक्षण सरळ गेलं. सातव्या प्रश्नाशी पेन थांबलं. 'दिवसभर एका जागी बसून काम करण्यास अडचण येईल असे काही शारीरिक कारण आहे काय? आहे / नाही.' तिनं मनाशी वकिली केली. बसायला अडचण नव्हतीच, अडचण उठायला होती, आणि उठण्याबद्दल त्यांनी विचारलेलं नव्हतं. वकिली उत्तम झाली. तिनं 'नाही'वर खूण केली आणि खूण केल्यावर कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

मग चाचणी. काचेच्या एका लहानशा खोलीत तिला फोनपाशी बसवलं. पलीकडच्या खोलीतून कंपनीचाच एक माणूस खवळलेलं गिऱ्हाईक होऊन फोन करणार, तिनं त्याला चार मिनिटांत शांत करायचं. मार्क देणार होत्या त्या नव्या माणसांना काम शिकवणाऱ्या बाई. किडकिडीत, चष्म्याला साखळी, हातात कागद. कागदावर रकाने होते. नमस्काराचे पाच, नाव विचारल्याचे पाच, तक्रार समजून घेतल्याचे दहा, आणि शेवटी सहानुभूतीचे दहा. सहानुभूतीत आजवर कुणाला सहाच्या वर मिळालेले नाहीत, हे त्यांनी कौतुकानं नव्हे, खेदानं सांगितलं.

फोन वाजला. खोटं गिऱ्हाईक चांगलंच तयारीचं होतं. त्यानं बाळाची खाट घेतली होती. चार स्क्रू नव्हते. बायकोचे दिवस भरत आले होते. आता बाळाला काय खोक्यात झोपवायचं का, असं तो विचारत होता, आणि हे विचारताना त्याचा आवाज असा चढत होता की काच थरथरली. तिनं नमस्कार केला, नाव विचारलं. पुढं काय बोलायचं ते एका कार्डावर छापलेलं होतं. तिनं कार्डाकडे पाहिलं तर अक्षरं दिसेनात. आणि मग तोंडातून भलतंच बाहेर पडलं.

"साहेब, मलाही पाचवा महिना लागलाय. आमच्याकडे अजून खाट नाही. पण असती, आणि तिचे चार स्क्रू नसते, तर मीही अशीच ओरडले असते. कदाचित तुमच्यापेक्षा जास्त."

खवळलेलं गिऱ्हाईक आपलं पुढचं वाक्य विसरलं. थोड्या वेळानं ते 'सॉरी' म्हणालं आणि त्यानं फोन ठेवला.

झालं, असं तिला वाटलं. आपल्याच तोंडानं आपण पायावर धोंडा पाडून घेतला. तिनं पिशवी उचलली, खुर्चीचा हात धरून उठली, तेवढ्यात दार उघडून शिकवणाऱ्या बाई आत आल्या. त्यांचे डोळे चमकत होते.

"कुठून आणलंत हे?" त्यांनी विचारलं.

तिनं घाबरून खाली स्वेटरकडे पाहिलं. "काय?"

"हे पाचव्या महिन्याचं हो. आधीपासून ठरवून आला होतात, की तिथल्या तिथं सुचलं?"

आता इथं खरं सांगता आलं असतं. तोंड उघडलेलंही होतं. पण बाईंच्या हातातला कागद तिला दिसला. सहानुभूतीच्या रकान्यात दहाचा आकडा होता, आणि त्याच्याभोवती दोनदा गोल केलेला होता. "तिथल्या तिथं," ती म्हणाली.

खोटं बोलून नोकरी मिळवणारे जगात पैशाला पासरी आहेत. खरं बोलून, वर ते खोटं असल्याची कबुली देऊन नोकरी मिळवणारी बहुधा ती एकटीच. पेढी उघडायचा विचार केला तरी या धंद्यात तिला स्पर्धा नव्हती.

घरी सासूबाईंना आनंद मावेना. त्यांचा आनंद वेगळाच होता. पाचवा महिना दिसत असताना सुनेला कामावर घेतलं, म्हणजे ती माणसं साधी नव्हेत. त्यांनी जिन्यात भेटेल त्याला थांबवून सांगायला सुरुवात केली. "देवमाणसं आहेत हो. नाहीतर आजकाल कोण कुणाचं बघतं?" तिनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं वर्तमानपत्राकडे पाहिलं.

"तुला पाय वर ठेवायला देतात ना गं?" सासूबाईंनी पहिल्याच संध्याकाळी विचारलं.

"देतात."

"कशावर?"

"स्टूल आहे."

दुसऱ्या दिवशी स्टूल लाकडी आहे का लोखंडी याची चौकशी झाली. तिसऱ्या दिवशी त्यावर उशी आहे का, याची. नाही म्हटलं तर सासूबाई उशी घेऊन स्वतः तिकडे जायला निघतील अशी भीती होती, म्हणून उशी द्यावी लागली. आठवडाभरात त्या स्टुलाला उशी होती, उशीला निळा अभ्रा होता आणि तो अभ्रा दर दोन दिवसांनी बदलला जात होता. ऑफिसात तिला पोट नव्हतं आणि घरी तिच्या पायाखाली स्टूल होतं. दोन्हीकडे मिळून ती इतकं सांभाळत होती की प्रत्यक्ष मूल त्या मानानं हलकं वाटावं.

शिकवणीला एकूण अकराजण होते. त्यात एक निवृत्त कंडक्टर होते. घरी बसून बायकोच्या मध्ये मध्ये येतात म्हणून बायकोनंच त्यांना कामाला लावलं होतं. त्यांना सगळे काका म्हणत. उंच शेपटी बांधणारी एकोणीस वर्षांची एक मुलगी होती, तिचं नाव शेंडी पडलं होतं. आणि ही, स्वेटरवाल्या ताई.

पहिल्या दिवशी बाईंनी दिवे मंद केले आणि सगळ्यांना एक रेकॉर्डिंग ऐकवलं. तिचंच होतं. आपला आवाज दुसऱ्याच्या यंत्रातून ऐकणं तसंही कुणाला आवडत नाही. इथं तर दहा माणसं डोळे मिटून ऐकत होती. "आवाज कुठं कापतो ते बघा," बाई म्हणाल्या. "'लागलाय' म्हणताना. हे शिकवून येत नाही." मग त्यांनी ते शिकवायला घेतलं. वाक्य पाठ करू नका, मनापासून म्हणा, असं बजावून त्यांनी ते सगळ्यांकडून सात वेळा म्हणून घेतलं.

काका म्हणाले ते पुढचा थांबा पुकारल्यासारखं. "मलाही पाचवा महिना लागलाय, चला." बाईंनी त्यांना 'माझ्या मिसेसना' असं म्हणण्याची सूट दिली. काकांच्या मिसेस त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. काका कानापर्यंत लाल झाले आणि हे घरी कळलं तर आपल्याला पुन्हा जेवण मिळणार नाही, असं हळूच म्हणाले. हसण्यात तीही हसली. हसावं लागलं. तिला वाटत होतं, की आपलं पोट काढून वर्गात फिरायला दिलंय, जो तो लावून बघतोय आणि 'मला नाही शोभत' म्हणून पुढं देतोय. पोटातल्यानं पहिली लाथ मारली ती याच वेळी. तो निषेध होता की दाद, हे सांगायला मार्ग नाही.

रोज सकाळी ती सांगायचं ठरवून निघायची. एके दिवशी बाईंना सर्दी झाली होती आणि सर्दी झालेल्या माणसाला असं काही सांगू नये. एके दिवशी बाईच म्हणाल्या, "तुमच्यामुळे या बॅचची शिफारस वरपर्यंत गेली हो." एके दिवशी शेंडी डबा खाताना जवळ येऊन बसली आणि तिनं विचारलं, "ताई, इतकं सहज खोटं कसं बोलता येतं तुम्हाला? मला आईला सिनेमाचंसुद्धा सांगता येत नाही." तिनं घास गिळला आणि सराव लागतो म्हणून सांगितलं. जाताना तिला खोटं बोलण्याची लाज वाटायची आणि येताना खरं न बोलल्याची. बसचं तिकीट मात्र दोन्ही वेळा तेवढंच पडायचं.

आठव्या दिवशी खरे फोन घ्यायचे होते. एकानं हेडसेट लावायचा, बाकीच्यांनी स्पीकरवर ऐकायचं. पहिली पाळी शेंडीची आली. फोनवर एक बाई होत्या. खाट बाळाची, स्क्रू चारच कमी. पण त्या ओरडत नव्हत्या, दमलेल्या होत्या. शेंडीनं नमस्कार केला, नाव विचारलं, एक मोठा श्वास घेतला आणि वाक्य म्हटलं. आवाजही बरोबर जागी कापला. बाईंनी मान डोलावली.

"अगंबाई, खरंच?" फोनवरच्या बाई एकदम जाग्या झाल्या. "मला सातवा. मग तुझे पण पाय सुजतात का गं?"

शेंडीनं पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर स्क्रूचे नंबर होते. पायांचं काही नव्हतं. "सुजतो," ती म्हणाली. "उजवा."

"एकच?"

शिकवणाऱ्या बाईंनी झेप घेऊन होल्डचं बटण दाबलं. खोलीत गिऱ्हाइकाला ऐकवायचं सनईसारखं संगीत सुरू झालं. "कोण घेतंय?" बाईंनी विचारलं, पण ते विचारायचं म्हणून. दहा माना आधीच एका दिशेला वळल्या होत्या. अवघड जागी घरातल्या जाणत्या माणसाकडे बघतात, तशा.

ती उठली. हेडसेट शेंडीच्या कानांनी अजून गरम होता.

आपण तिची सीनियर, असं सांगून तिनं आधी माफी मागितली. नवीन मुलगी आहे, घाबरली. मग त्या बाईंनी पुन्हा पायांचं विचारलं, आणि ती सांगायला लागली. दोन्ही सुजतात. संध्याकाळी जास्त. चपला होईनात म्हणून मी घरात नवऱ्याच्या घालते. डाव्या कुशीवर झोपायचं, गुडघ्यांत उशी घ्यायची, ती रात्रीतून पडते, ती उचलायला वाकता येत नाही, मग नवऱ्याला उठवायचं. तो उशी देतो आणि सकाळी त्याला काही आठवत नाही. त्या बाई हसल्या. मग रडू येतं का, असं त्यांनी विचारलं. येतं, ती म्हणाली. परवा साबणाच्या वेष्टनावर 'कोमल' असं लिहिलेलं वाचून आलं. मागं कुणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं. तिला आता मागचं काही ऐकू येत नव्हतं.

"आणि खरं सांगू का ताई," ती म्हणाली, "रोज आनंद होतोच असं नाही. सगळे म्हणतात आनंद होत असेल ना. मी हो म्हणते. काही दिवस नुसती भीती वाटते. आणि तसं वाटलं म्हणून लाज."

"मला वाटलं मलाच," त्या बाई म्हणाल्या. "कुणाला बोलले नाही. लोक काय म्हणतील?"

खोलीत काका चष्मा काढून पुसत होते. शिकवणाऱ्या बाईंचं पेन थांबत नव्हतं. रकाना भरून कडेच्या मोकळ्या जागेत गेलं होतं. फोनवरच्या बाईंनी नाक शिंकरलं आणि जरा वेगळ्या आवाजात म्हणाल्या, "एक विचारू? रागावू नकोस. हे तू खरं बोलतेयस ना? का तुम्हाला असं बोलायला शिकवतात?"

शिकवणाऱ्या बाईंनी समोर येऊन दोन्ही हातांनी खुणा केल्या. हो म्हणा, खरं आहे म्हणा.

"शिकवतात," ती म्हणाली. "पण माझं खरं आहे."

फोनवरच्या बाईंनी थोडा विचार केला. "बरं," त्या म्हणाल्या. "मग स्क्रू कधी पाठवताय?"

स्क्रू गुरुवारपर्यंत पोचतील असं सांगून तिनं फोन ठेवला. मागं टाळ्यांचा कडकडाट झाला. शिकवणाऱ्या बाई जवळ आल्या त्या धावतच. "'शिकवतात, पण माझं खरं आहे.' काय वाक्य आहे. अठरा वर्षांत ऐकलं नाही. लिहून घ्या सगळ्यांनी, शब्द न् शब्द." वह्या उघडल्या. दहाजण मान खाली घालून लिहू लागले. काकांनी 'शिकवतात'च्या पुढं स्वल्पविराम द्यायचा का, असं विचारलं.

ती उभी राहिली आणि तिनं स्वेटर डोक्यातून काढायला घेतला.

अशा प्रसंगी स्वेटर झर्रकन निघायला हवा. पण सासूबाईंनी गळा आवळ विणलेला होता. तो कानांशी अडकला. थोडा वेळ खोलीला फक्त तिचं पोट दिसत होतं आणि तोंड दिसत नव्हतं. आत लोकरीच्या अंधारात ती उभी होती, आणि असंच राहता आलं तर बरं, असं तिला वाटलं. मग स्वेटर निघाला. केस सगळे उभे. शर्टाची तिसऱ्या-चौथ्या बटणामधली फट, त्यातून दिसणारा बनियन, आणि सत्य, पाचव्या महिन्यातलं.

"मी खरंच आहे," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून. फॉर्मवर नाही म्हणून लिहिलं."

काका ताडकन उठले आणि जुन्या सवयीनं आपली खुर्ची तिच्याकडे सरकवत "बसा ताई" म्हणाले. तिची स्वतःची खुर्ची मागं होतीच, त्यामुळे आता दोन झाल्या. शेंडीनं वहीतलं वाक्य हळूच खोडलं. शिकवणाऱ्या बाई मात्र कागद हातात धरून तशाच उभ्या होत्या. एकदा पोटाकडे, एकदा दहाच्या आकड्याकडे.

मॅनेजर अतिशय सभ्य माणूस होता. त्यानं आधी अभिनंदन केलं. कंपनीचं बाळांशी काही वाकडं नाही, असं तो म्हणाला. उलट निम्मा धंदा त्यांच्यावर चालतो. प्रश्न फॉर्मचा होता. फॉर्म त्याच्यासमोर होता आणि सातव्या प्रश्नापुढे तिच्याच हातची खूण होती. खोट्या फॉर्मवर घेतलेल्या माणसाला ठेवलं तर उद्या प्रत्येकजण खोटा फॉर्म भरेल. हे सगळं त्यानं इतक्या हळू आवाजात सांगितलं की तिला पुढं वाकून ऐकावं लागलं, आणि वाकणं हल्ली सोपं नव्हतं. त्याच्या म्हणण्यात खोट काढायला जागा नव्हती. हेच लाजिरवाणं होतं. अन्याय झाला असता तर निदान भांडून घरी जाता आलं असतं.

"तुम्ही पहिल्यांदाच खरं लिहायला हवं होतं," तो म्हणाला.

"तर घेतलं असतं?" तिनं विचारलं. भांडायला नव्हे, खरोखरच जाणून घ्यायला.

मॅनेजर फॉर्म बघत राहिला. त्यावर याचं उत्तर छापलेलं नव्हतं. कोपऱ्यात बसलेल्या शिकवणाऱ्या बाई चष्म्याची साखळी बोटाला गुंडाळत होत्या, सोडवत होत्या.

तिनं गळ्यातलं ओळखपत्र टेबलावर ठेवलं. स्वेटर हातावर घेतला. हॉलमधून जाताना शंभर-सव्वाशे माणसं फोनवर कुणाकुणाची समजूत घालत होती, आणि त्यातल्या एकानंही वर पाहिलं नाही याबद्दल तिला त्यांचे उपकार वाटले. जिन्याशी आल्यावर सासूबाईंची आठवण झाली. नोकरी गेली हे सांगायचं, हे एक. पण ती देवमाणसं काय झाली, हे कसं सांगायचं? आणि ते स्टूल? नसलेल्या स्टुलाचा निळा अभ्रा तिच्या डोळ्यांपुढे आला आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या. आपण सासूबाईंना फसवलं, नवऱ्याला त्यात ओढलं, शेंडीला खोटं बोलायला शिकवलं, आणि एवढं करून हात रिकामेच. पोरानं जन्माला यायच्या आधीच आईचे हे प्रताप ऐकले असतील, तर ते बाहेर यायला कां कूं करील.

ती अर्धा जिना उतरली असेल. वरून पावलांचा आवाज आला. "थांबा, अहो थांबा."

शिकवणाऱ्या बाई होत्या. धाप लागली होती, डोळे लाल होते. तिच्या मनात नको असताना एक आशा डोकावली आणि त्या आशेचीही तिला लाज वाटली. बाई दोन पायऱ्या वरच थांबल्या. म्हणाल्या, अठरा वर्षं माणसांचे आवाज ऐकतेय. कुणाचा घसा कधी बसणार ते मला आदल्या दिवशी कळतं. आणि हे कळलं नाही. "दहापैकी दहा दिले मी तुम्हाला. कसब आहे म्हणून दिले. मला वाटलं, एवढं खरं कुणी खरोखर बोलत नाही." त्यांनी आत जाऊन मॅनेजरशी पुन्हा बोलून पाहिलं होतं. त्यानं त्यांनाही तो फॉर्म दाखवला होता.

"असू दे," ती म्हणाली.

बाई जायला वळल्या, पुन्हा थांबल्या. साखळी बोटाला गुंडाळली.

"एक विचारायचं होतं. नाही म्हणालात तरी मला वाईट वाटणार नाही."

"विचारा ना."

"ते तुमचं पहिल्या दिवसाचं रेकॉर्डिंग. पुढच्या बॅचलाही तेच लावावं म्हणतेय मी. पण त्यात 'लागलाय'च्या नेमकं वर खुर्ची करकरलीय. तेवढं एक वाक्य परत म्हणून जाल का? दोन मिनिटांचं काम आहे."